लास वेगासमध्ये उतरायचं कुठे?

लास वेगासबद्दल मराठीत जे लेख वाचायला मिळतात, त्यांचे साधारण दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लेखकाचे डोळे दिपतात. 'मोहनगरी', 'मायानगरी', 'कधीही न झोपणारं शहर' हे शब्द पहिल्या दोन परिच्छेदांत येऊन जातात, मग बेलाजिओची कारंजी, मग इमारतीच्या आत वाहणारा व्हेनिसचा कालवा आणि शेवटी 'गंमत म्हणून वीस डॉलर घालवले' असं एक वाक्य. दुसऱ्या प्रकारात लेखकाला तिथे मानवजातीचं अधःपतन दिसतं. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट कधीच सापडत नाही. लेखक उतरला कुठे होता, तेच हॉटेल का निवडलं आणि खोलीचे सगळे मिळून पैसे किती पडले? हे लिहिणं आपल्याकडे बहुधा हलकं समजतात. प्रवासवर्णनात सूर्यास्त चालतो, बिल चालत नाही.

वेगासच्या बाबतीत मात्र बिल वाचल्याशिवाय शहर कळत नाही असं माझं मत झालंय. गेल्या वर्षी सांगलीहून आई-बाबा आले होते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या बहुतेक मराठी पोरांच्या आई-बाबांची एक ठरलेली सहल असते. ग्रँड कॅनियन बघायचं आणि त्यासाठी वेगासला मुक्काम टाकायचा. मी कामासाठी २०२३ साली तिथे एका क्लाउड कॉन्फरन्सला गेले होते, पण तेव्हा खोली कंपनीने काढली होती. स्वतः खोली शोधायची वेळ या खेपेला आली. व्यवसायाने इंजिनिअर असल्यामुळे साहजिकच एक्सेल शीट झाली. रांगांमध्ये हॉटेलं, स्तंभांमध्ये भाडं, रिसॉर्ट फी, कर, पार्किंग, दारापासून लिफ्टपर्यंतचं चालणं (बाबांचा गुडघा) आणि सिगारेटचा वास (आईचा दमा). शीट भरता भरता लक्षात आलं की ज्या दोन पुस्तकांमुळे मला या शहरात रस निर्माण झाला, ती दोन्ही पुस्तकं मी पहिल्यांदाच नीट वाचतेय.

त्यातलं पहिलं 'लर्निंग फ्रॉम लास वेगास'. रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनअर यांचं, १९७२ सालचं. १९६८ मध्ये येल विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची तुकडी घेऊन हे लोक वेगासला गेले. त्या काळात शहाण्या वास्तुविशारदांनी वेगासकडे बघून नाक मुरडायचं असा शिरस्ता होता. यांनी ठरवलं की आधी बघू, मोजू, नकाशे काढू, निवाडा नंतर. त्यांना दिसलं ते असं की वाळवंटातल्या त्या सरळ रस्त्यावर इमारतींना फारशी किंमत नाही, किंमत पाट्यांना आहे. मागे साधी ठोकळेबाज इमारत, पुढे गाड्या लावायचं मोठं मैदान आणि रस्त्याच्या कडेला आभाळात चढलेली निऑनची पाटी. पन्नास-साठच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला लांबून दिसली पाहिजे म्हणून ती एवढी मोठी. अशा इमारतीला त्यांनी 'सजवलेली शेड' असं नाव दिलं. याच्या उलट जी इमारत स्वतःच चिन्ह होऊन बसते ती 'बदक'. हे नाव लाँग आयलंडवरच्या बदकाच्या आकाराच्या एका दुकानावरून आलं. पुणे-बंगळूर हायवेवर ज्याने प्रवास केलाय त्याला सजवलेली शेड समजावून सांगायची गरज नाही. पत्र्याचा ढाबा, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यावर ढाब्यापेक्षा मोठा फ्लेक्स.

वास्तुकलेच्या वर्गात हे पुस्तक आजही वाचतात, आणि ते योग्यच आहे. मला त्याची पद्धत आवडते. आपल्याला जे आवडत नाही त्याचंही मोजमाप घ्यायचं, ही इंजिनिअरला पटणारी गोष्ट आहे. आपल्याकडे फ्लेक्सवर चिडून लिहिलेले अग्रलेख ढीगभर मिळतील. एखाद्या गावात किती फ्लेक्स आहेत, किती फुटांवर आहेत आणि त्यांवर कोणाचे फोटो कोणत्या क्रमाने येतात, हे मोजलेलं काही मला अजून भेटलेलं नाही.

पण खोली शोधणाऱ्या माणसाच्या हातात हे पुस्तक दिलं तर ते लगेच तोकडं पडतं. एक तर ते मुख्यतः गाडीतून बघितलेलं शहर आहे. आतल्या बुटक्या छताचा, अंधाराचा, दिवस-रात्र न कळण्याचा उल्लेख त्यात आहे, नाही असं नाही. पण तोही अवकाशाचा एक नमुना म्हणून. त्या अंधारात बसलेला माणूस किती वेळ बसतो आणि उठताना त्याच्याकडे काय उरतं, हा प्रश्न पुस्तकाला पडत नाही. दुसरं म्हणजे ज्या पाट्यांवर त्यांनी एवढं प्रेम केलं त्या आता तिथे राहिलेल्या नाहीत. १९९० च्या दशकात शेडची बदकं झाली. लक्सरचा पिरॅमिड १९९३ चा, न्यूयॉर्क-न्यूयॉर्क १९९७ चं, पॅरिस आणि व्हेनिशियन १९९९ ची. या बदलाची नोंद व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन यांनी स्वतःच नंतर घेतली. पाट्यांचं शहर आता देखाव्यांचं झालंय, असा त्यांचा सूर होता. त्यानंतरची गोष्ट आणखी वेगळी. २००५ चं विन, २००९ चं आरिया, २०१० चं कॉस्मोपॉलिटन हे सगळे काचेचे मनोरे आहेत. ना बदक ना शेड. वर कोपऱ्यात नाव, बस. मुंबईत परळला उभे केले तर कोणी मान वर करून बघणारही नाही.

(२०२३ मध्ये उघडलेलं स्फिअर माझ्या या म्हणण्याला सरळ सरळ अपवाद आहे. ३६६ फूट उंचीचा तो गोळा म्हणजे बाहेरून अख्खीच्या अख्खी पाटी. बाबांना ग्रँड कॅनियनइतकाच तो आवडला. पण तिथे राहायला खोली मिळत नाही, त्यामुळे तो माझ्या शीटमध्ये आला नाही.)

मग पाटी गेली कुठे? माझं उत्तर असं की ती फोनमध्ये आली. पूर्वी वीस मजली निऑन जे काम करायचं ते आता बुकिंगच्या पानावरचा एक आकडा करतो. लांबून जाणाऱ्या माणसाचं लक्ष वेधायचं, गाडी आत वळवायला लावायची. आणि व्हेंचुरींच्या शेडसारखंच, पुढच्या आकड्याचा मागच्या इमारतीशी फारसा संबंध नसतो.

एक उदाहरण देते. स्ट्रिपवरच्या एका हॉटेलात मंगळवारच्या रात्रीचं भाडं ४२ डॉलर होतं. त्यावर ५० डॉलर 'रिसॉर्ट फी'. ही फी वायफाय, व्यायामशाळा आणि पोहण्याच्या तलावासाठी असते; तुम्ही पोहा किंवा नका पोहू. दोन्ही मिळून ९२, आणि त्या बेरजेवर तेरा टक्क्यांहून थोडा जास्त कर. म्हणजे १०४ डॉलर, पार्किंग वेगळं. वर्षानुवर्षं मोठ्या अक्षरांत ४२ दिसायचे आणि उरलेलं शेवटच्या पानावर कळायचं. १२ मे २०२५ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा नियम लागू झाला आणि सक्तीच्या फीसकट एकूण किंमत पहिल्यापासून दाखवणं हॉटेलांना भाग पडलं. सरकारी कर मात्र नंतर जोडता येतो. त्यामुळे आता मोठ्या अक्षरांत ९२ दिसतात. पण फी गेली नाही. तिला फक्त पुढच्या पानावर आणून बसवलंय. भाड्याच्या नावाखाली सगळेच ९२ लावले असते तर काय बिघडलं असतं, असा प्रश्न बाबांनी विचारला. प्रश्न रास्त होता. त्याचं एक उत्तर लेखाच्या शेवटी येईल.

दुसरं पुस्तक याच आकड्यांच्या आत शिरतं. नताशा डाऊ शूल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं 'ॲडिक्शन बाय डिझाइन', २०१२ सालचं. वेगासमधल्या यंत्रांवरच्या जुगाराचा अभ्यास त्यांनी अनेक वर्षं केला. खेळणाऱ्यांशी बोलल्या, यंत्रं बनवणाऱ्यांशीही बोलल्या. व्हेंचुरी मंडळी रस्त्यावरून आत बघत होती, तर शूल थेट यंत्रासमोरच्या खुर्चीपासून सुरुवात करतात. त्यांचा मुख्य शोध असा की सराईत खेळाडू जिंकण्यासाठी खेळतच नाही. त्याला हवी असते एक तंद्री, जिच्यात वेळ, पैसा, स्वतःचं शरीर, कशाचंच भान राहत नाही. जिंकणं ही त्या तंद्रीतली अडचणसुद्धा होऊ शकते, कारण जिंकलं की यंत्र थांबतं, दिवे लागतात, लोक बघतात.

या पुस्तकातला मला सर्वात भिडलेला भाग तांत्रिक आहे, आणि साहित्याच्या वाचकांनीही तो टाळू नये. जुन्या यांत्रिक स्लॉट मशीनमध्ये तीन चाकं असत. एका चाकावर समजा २२ थांबे. म्हणजे एकूण शक्यता २२ गुणिले २२ गुणिले २२, अर्थात १०,६४८. जॅकपॉटचं चिन्ह प्रत्येक चाकावर एकच असेल तर तो एवढ्या फेऱ्यांत सरासरी एकदा लागणार. मोठं बक्षीस ठेवायचं तर चाक मोठं करायला हवं आणि चाक मोठं केलं की माणसाला डोळ्यांनीच कळतं की हे काही लागायचं नाही. १९८४ मध्ये इंग टेल्नेस या गृहस्थांना यावरच्या उपायाचं पेटंट मिळालं. डोळ्यांना दिसणारं चाक २२ थांब्यांचंच ठेवायचं. आत मात्र संगणकाने ६४ थांब्यांचं एक काल्पनिक चाक फिरवायचं, यादृच्छिक आकडा काढायचा आणि तो दिसणाऱ्या चाकाच्या कुठल्या तरी थांब्यावर नेऊन टेकवायचा. शक्यता झाल्या २,६२,१४४. शिवाय काल्पनिक चाकावरचे कितीतरी थांबे जॅकपॉटच्या लगतच्या, वरच्या किंवा खालच्या, रिकाम्या जागांना जोडता येतात. म्हणजे खेळणाऱ्याला सारखं वाटतं, थोडक्यात हुकलं.

माझ्या व्यवसायातल्या लोकांना यातली सुबकता लगेच कळेल. दिसणारा थर वेगळा, चालणारा थर वेगळा आणि मध्ये एक कोष्टक. यात खोटं बोलल्याचा आरोप करणंही अवघड जातं. चाक खरंच फिरतं, आकडा खरंच यादृच्छिक असतो. बुकिंगच्या पानावरचे ४२ डॉलरसुद्धा खरेच होते.

शूल यांच्या पुस्तकात माझ्या मते एक उणीव आहे. त्या यंत्राच्या इतक्या जवळ जातात की इमारत दिसेनाशी होते. त्यांचे खेळाडू बहुतेक वेगासचे रहिवासी आहेत, पर्यटक नाहीत. ते रोज घरी जातात, हॉटेलात झोपत नाहीत. त्यामुळे खोली हा विषय त्यांच्याकडे जवळजवळ नाही. एका पुस्तकात सगळं बाहेरचं आणि दुसऱ्यात सगळं आतलं. मधला जो भाग उरतो, दार ते लिफ्ट, तो आई-बाबांना घेऊन जाणाऱ्या माझ्यासारखीला चालायचा होता.

तर त्या चालण्याबद्दल. स्ट्रिप हा चार मैलांपेक्षा थोडा लांब रस्ता आहे आणि तो बहुतांश लास वेगास शहराच्या हद्दीत नाहीच. तो पॅराडाइज नावाच्या वस्तीत येतो, जी १९५० मध्ये वेगळी केली गेली, कारण कॅसिनोवाल्यांना शहराच्या हद्दीत आणि शहराच्या करांखाली जायचं नव्हतं. १९५९ ची ती सुप्रसिद्ध 'वेलकम' पाटी, जिच्यासमोर फोटोला रांग लागते, तीही शहराबाहेर उभी आहे. इथे इमारती एवढ्या प्रचंड आहेत की नजर फसते. शेजारचं हॉटेल हाताच्या अंतरावर दिसतं आणि पोहोचायला वीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात हे जिवावर बेतू शकतं. ७ जुलै २०२४ ला तिथे १२० फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४९ सेल्सियसची नोंद झाली. २००४ पासून एक मोनोरेल आहे, पण ती पूर्वेकडच्या हॉटेलांच्या मागच्या बाजूने जाते. तिच्यासाठी आधी अख्खा कॅसिनो ओलांडून मागे जावं लागतं. विमानतळापर्यंत ती जातच नाही. चौकांत पादचारी पूल आहेत. त्या पुलांवरून रस्त्याचा सर्वात छान देखावा दिसतो आणि तिथेच थांबायला मनाई आहे. जानेवारी २०२४ मध्ये क्लार्क काउंटीने पुलावर थांबणं किंवा रेंगाळणं गुन्हा ठरवला. कारण दिलं सुरक्षेचं. असेलही. पण ज्या गावात अख्खी रात्र यंत्रासमोर बसलं तर कोणी हटकत नाही, तिथे पुलावर उभं राहून बघणं तेवढं कायद्यात बसत नाही, हे मला दोन्ही पुस्तकांपेक्षा जास्त बोलकं वाटलं.

इमारतीच्या आत शिरलं की बिल फ्रीडमन यांचं राज्य सुरू होतं. हे आधी जुगारी, मग कॅसिनो चालवणारे, मग सल्लागार. कॅसिनो कसा मांडावा यावर २००० साली त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. छत बुटकं ठेवा, वाटा वळणावळणाच्या ठेवा, दारातून शिरल्या शिरल्या यंत्रं दिसू द्या. सजावटीवर पैसे उधळू नका, यंत्रं हीच सजावट. याला उत्तर दिलं रॉजर थॉमस यांनी. बेलाजिओ आणि विनचे हे अंतर्रचनाकार. त्यांनी उंच छत, नैसर्गिक उजेड, फुलं, चित्रं आणली आणि दाखवून दिलं की माणूस खुशीत असला तरी पैसे सोडतो, कदाचित जास्तच सोडतो. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मयसभेत दुर्योधनाची फजिती झाली होती, कारण जमीन कुठली आणि पाणी कुठलं हे त्याला कळेना. पण सभापर्वातली पुढची गोष्ट आपण विसरतो. द्यूतासाठी हस्तिनापुरात धृतराष्ट्राने मुद्दाम नवी सभा बांधून घेतली. हजार खांबांची, शंभर दारांची. पांडवांना आमंत्रण गेलं ते ही सभा बघायला या असं.

शैली कोणतीही असो, खोलीकडे जाणारी लिफ्ट बहुतेक ठिकाणी कॅसिनोच्या पलीकडे असते. सामान घेऊन, दुखरा गुडघा घेऊन, दमा घेऊन, यंत्रांच्या मधूनच जायचं. आणि जेवायला खाली उतरलात की परत तेच. म्हणून माझ्या शीटमध्ये हळूहळू एकच स्तंभ महत्त्वाचा होत गेला: या हॉटेलात कॅसिनो आहे का? स्ट्रिपवर कॅसिनो नसलेली थोडी हॉटेलं आहेत. व्हदारा आहे, वॉल्डॉर्फ अस्टोरिया आहे, मँडले बेच्या मनोऱ्यातल्या वरच्या मजल्यांवरचं फोर सीझन्स आहे. (व्हदाराची एक खासियत. त्याच्या अंतर्वक्र काचेमुळे २०१० मध्ये तलावाकाठी ऊन एका जागी एकवटायचं आणि माणसांना चटके बसायचे. नंतर उपाय केले गेले.) पार्क एमजीएममध्ये कॅसिनो आहे, पण २०२० पासून तिथे धूम्रपानाला बंदी आहे. नावं अशी डझनभर लिहिली तरी निवड वाटते तेवढी मोठी नाही. बेलाजिओ, आरिया, लक्सर, एक्सकॅलिबर, व्हदारा, पार्क एमजीएम ही सगळी एका कंपनीची. सीझर्स पॅलेस, फ्लेमिंगो, पॅरिस, हॅराज ही दुसरीची. रोम का पॅरिस, पिरॅमिड का किल्ला असं तुम्ही रात्रभर खलबत करता आणि शेवटी दोन वह्यांपैकी एकीत नाव लिहिलं जातं.

भावांची तुलना केली तर एक विचित्र गोष्ट दिसते. कॅसिनो नसलेली खोली सहसा महाग असते. अधिक सोयी असलेलं स्वस्त आणि कमी सोयी असलेलं महाग हे बाजाराच्या रोजच्या समजुतीच्या विरुद्ध आहे. पण कारण साधं आहे. कॅसिनोवाल्या हॉटेलात खोलीचं भाडं हा हिशेबातला एकच भाग असतो. तुम्ही खाली काय कराल याचा अंदाज त्यात आधीच धरलेला असतो. व्हदारासारख्या ठिकाणी खोलीला आपलं पोट आपणच भरावं लागतं.

हा अंदाज कसा धरतात याचं एक सूत्र आहे आणि ते अजिबात गुप्त नाही. सरासरी डाव गुणिले तासाला किती डाव, गुणिले किती तास, गुणिले घराचा टक्का. समजा तुम्ही रूलेवर दर फेरीला २० डॉलर लावता, तासाला ४० फेऱ्या होतात आणि चार तास बसता. म्हणजे ३,२०० डॉलर चाकावरून फिरले. दोन शून्यांच्या अमेरिकन चाकावर घराचा टक्का ५.२६. म्हणजे तुम्ही अंदाजे १६८ डॉलर हराल. त्या रात्री प्रत्यक्षात तुम्ही हजार जिंकलात तरी वहीत १६८ च लिहिलं जातं. या आकड्याचा काही भाग खोली, जेवण, शोची तिकिटं अशा रूपात परत द्यायचा, म्हणजे तुम्ही पुन्हा याल. (एका शून्याच्या चाकावर टक्का २.७०, तीन शून्यांच्या चाकावर ७.६९. स्ट्रिपवर २०१६ पासून तीन शून्यांची चाकंही आली आहेत आणि लोक ती खेळतात.) हे सगळं मोजता यावं म्हणून सदस्य-कार्ड. हॅराज कंपनीने १९९० च्या दशकाच्या शेवटी हे कार्ड सगळ्या शहरांतल्या आपल्या कॅसिनोंना जोडलं आणि त्यासाठी हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून गॅरी लव्हमन या प्राध्यापकाला आणलं. जुगाराच्या धंद्यात विदाशास्त्र आलं ते आपल्या ॲप कंपन्यांच्या कितीतरी आधी.

इथे मला दोन्ही पुस्तकांच्या मधली जागा सापडल्यासारखी वाटते. व्हेंचुरींच्या काळातली निऑनची पाटी सगळ्यांशी एकच बोलायची. ट्रकवाला, सिनेनट, येलचा विद्यार्थी, सगळ्यांना तोच बाण, तीच अक्षरं. त्या ओरडण्यात एक प्रकारची समता होती. त्या समतेवरच, मला वाटतं, ते तिघे भाळले. आजची पाटी प्रत्येकाला वेगळी दिसते. त्याच रात्रीची तीच खोली मला ९२ ला, दुसऱ्याला ६० ला, तिसऱ्याला फुकट. हे तिघे लिफ्टमध्ये शेजारी उभे असतात आणि एकमेकांचा भाव त्यांना ठाऊक नसतो. १९६८ च्या विद्यार्थ्यांना रस्त्यावर उभं राहून शहराचा नकाशा काढता आला. आज तसा नकाशा काढायचा तर हजार माणसांचे हजार फोन मागावे लागतील. वेगासच्या हॉटेलांनी भाव ठरवायला एकाच प्रकारचं सॉफ्टवेअर वापरलं अशी तक्रार करत काही ग्राहक २०२३ मध्ये न्यायालयात गेले. न्यायालयाने २०२४ मध्ये तो दावा फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. समीक्षेला मात्र तिथून पुढे काम आहे, कारण एका शहराची दर्शनी बाजू आता सार्वजनिक उरलेली नाही.

बाबांचं म्हणणं वेगळं पडलं. त्यांच्या मते कोकणातला लॉजवालासुद्धा तोंड बघूनच भाव सांगतो. खरं आहे. पण लॉजवाल्याचं तोंड आपल्यालाही दिसतं आणि घासाघीस करता येते.

कोणासाठी हे शहर आहे, याचंही उत्तर सगळीकडे सारखं नाही. मोनॅकोच्या नागरिकांना मोनॅकोच्या कॅसिनोत खेळायला बंदी आहे. सिंगापूर आपल्या नागरिकांकडून दिवसाला १५० सिंगापूर डॉलर प्रवेशकर घेतं, परदेशी माणसाला काही नाही. गोव्याने २०२० मध्ये गोंयकारांना कॅसिनोत यायला मनाई जाहीर केली. मांडवीतल्या बोटी पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी. आपल्या महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. नेव्हाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला तेव्हा असला भेद ठेवला नाही. शूल यांच्या पुस्तकातली माणसं म्हणूनच घरची माणसं आहेत, परिचारिका, वेटर, सुपरमार्केटमधले कारकून. स्ट्रिपवरच्या पर्यटकाला ती दिसत नाहीत. ती त्याच्या खोलीची चादर बदलून घरी जाताना वाटेत थांबतात. हॉटेल कुठलंही निवडा, या भागाला माझ्या शीटमध्ये स्तंभ नव्हता.

आम्ही शेवटी कॅसिनो नसलेलं हॉटेल घेतलं. ४० टक्के महाग पडलं. आईला दम लागला नाही, बाबा लिफ्टपर्यंत साठ पावलांत पोहोचले आणि दोघांनाही दुसऱ्या दिवशी जरा कंटाळा आला. हेही लिहायला हवं. खाली काहीच नव्हतं. संध्याकाळी बाबा म्हणाले, चल, शेजारी जाऊन तरी येऊ.

शेजारच्या कॅसिनोत त्यांनी फुकट मिळतं म्हणून सदस्य-कार्ड काढलं. वीस डॉलर एका यंत्रात घातले, अर्ध्या तासात ते संपले आणि आम्ही कारंजी बघायला गेलो. ते सांगलीला परतल्यावर दोन महिन्यांनी त्यांना ईमेल आला. आठवड्याच्या मधले दोन दिवस, खोली फुकट. खाली बारीक अक्षरांत: रिसॉर्ट फी आणि कर वेगळे. भाड्याच्या आकड्यातच सगळं का घालत नाहीत, या त्यांच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर हेच. भाडं माफ केलं तरी फी मागता येते. मी फोनवर ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग दोन रात्रींचे मिळून किती होतात? आकडा सांगितला तर म्हणाले, म्हणजे तू काढलेल्या खोलीपेक्षा स्वस्तच.